बेचाळीस किलोमीटरांची शिदोरी

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. हौशी धावपटूला ते कापायला चार ते सहा तास लागतात. पण त्या सकाळी सुरुवातीच्या रेषेवर उभे राहण्याआधीच्या सोळा ते वीस आठवड्यांत त्याचे सातशे ते हजार किलोमीटर धावून झालेले असतात. सामानाचा खरा कस लागतो तो तिथे. घोटा दुखावला, जांघेत सोलवटले, बूट ओले राहिले, पोट बिघडले, की एक दिवसाचा सराव बुडतो. एकाचे चार दिवस व्हायला वेळ लागत नाही. म्हणून सामान निवडताना लावायची कसोटी साधी आहे. ज्याच्यावाचून उद्याचे धावणे चुकेल ते आधी घ्यायचे. ज्याने शर्यतीत दोन मिनिटे वाचतील ते नंतर, आणि बहुतेकांनी नाहीच घेतले तरी चालते.

महाराष्ट्रात या सरावाला ऋतूंचे वेळापत्रक आहे. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. तिथून मागे मोजत गेले की सरावाची सुरुवात भर पावसात किंवा पावसाच्या शेपटाला येते. मग ऑक्टोबरचा उकाडा आणि शेवटी डिसेंबरची थंडी, तीही पुण्यात खरी आणि मुंबईत नावापुरती. मधेच साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढायला लावते. एकाच माणसाला एकाच सरावात तीन हवामानांचे सामान लागते. परदेशी पुस्तकांतल्या याद्या इथे अर्ध्याच लागू पडतात त्या यामुळे.

डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी पहाटे पाचला मरीन ड्राइव्हवर हे सगळे सामान चालते-बोलते दिसते. कठड्याजवळ उभ्या केलेल्या स्कूटरची डिकी उघडी असते. आत केळ्यांचा घड, लिंबू-मिठाच्या पाण्याचा कॅन, व्हॅसलीनची डबी आणि कुणाचे तरी चष्म्याचे घर. कुणाच्या कमरेला चार छोट्या बाटल्यांचा पट्टा, कुणाच्या हातात फक्त रुमाल. एक जण बसून बुटाची नाडी तिसऱ्यांदा बांधत असतो. त्याच वेळी मराठवाड्यात किंवा माणदेशात पोलीस भरतीची पोरे मुरमाच्या रस्त्यावर साध्या कॅनव्हासच्या बुटांत, काही अनवाणीसुद्धा, जीव तोडून धावत असतात. त्यांना १६०० मीटर मारायचे असतात, बेचाळीस किलोमीटर नव्हे. तरी सामानाच्या गप्पा फार रंगल्या की ही पोरे आठवलेली बरी.

## आधी पाय, मग कंपनी

खर्चाचा मोठा भाग बुटांवर जातो आणि तो योग्यच आहे. मॅरेथॉनमध्ये साधारण ४५ ते ५० हजार पावले पडतात आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीवर आदळतो. बुटाच्या तळव्यातला फोम हा भार थोडा पसरवतो, थोडा परत देतो.

अनवाणी धावणाऱ्यांची उदाहरणे या चर्चेत हमखास निघतात. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६०च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला. आपल्याकडचे शिवनाथ सिंह १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून अकरावे आले. १९७८ साली जालंधरला त्यांनी नोंदवलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावून बारामतीची शर्यत जिंकल्या, ते तर घरोघरी ठाऊक आहे. पण हे पाय लहानपणापासून मातीत घडलेले होते. बालवाडीपासून बुटात कोंडलेला शहरी पाय चाळिसाव्या वर्षी डांबरावर अनवाणी उतरवला तर पोटरी आणि टाच आठवड्याभरात तक्रार करतात. आणि चार वर्षांनी टोकियोत बिकिला पुन्हा जिंकला तो बूट घालूनच.

दुकानात गेल्यावर पहिली गल्लत मापाची होते. खोक्यावर ब्रिटिश, अमेरिकन आणि युरोपीय अशी तीन मापे छापलेली असतात. पुरुषांच्या बुटात ब्रिटिश ८ म्हणजे अमेरिकन ९. रोजच्या चामडी बुटाचे माप सांगून धावण्याचा बूट घेतला तर तो बहुधा लहान पडतो. लांब धावताना पाय सुजतो, म्हणून सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहायला हवी. ती ठेवली नाही तर उतारावर बोटे पुढे आपटतात आणि नखे काळी पडतात. धावणाऱ्यांच्या घोळक्यात काळ्या नखांचे कौतुक होते, पण मुळात तो मापाचा दोष असतो. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराने पाय थोडा पसरलेला असतो. धावताना जे मोजे घालायचे तेच पायात असावेत. दोन्ही पायांत बूट चढवावा, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो आणि माप मोठ्या पायाचे घ्यायचे असते.

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची, आणि इथे आपल्याकडे घोळ होतो. चवड्याशी रुंद पाय असलेली माणसे बूट आवळतो म्हणून एक नंबर मोठा घेतात. मग टाच मागे सुटते आणि फोड येतात. खरे तर बूट रुंदीच्या मापातही बनतात. पुरुषांचे नेहमीचे माप ‘डी’, रुंद ‘२ई’. स्त्रियांचे नेहमीचे ‘बी’, रुंद ‘डी’. दुकानात ते मांडलेले नसतात, मागून मागवावे लागतात. तोवरचा उपाय नाडीत आहे. बुटाच्या सगळ्यात वरच्या, घोट्याजवळच्या भोकात बहुतेक जण कधीच नाडी घालत नाहीत. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत ओवून लहान फास करायचा, दोन्ही बाजूंच्या नाड्या समोरच्या फासांतून काढायच्या आणि मग ओढून गाठ मारायची. टाच जागच्या जागी बसते आणि पुढचा भाग सैल ठेवता येतो.

तळवा आत किती कलतो ते यंत्रावर पळवून पाहायचे आणि त्यानुसार बूट द्यायचे, असा प्रघात अनेक वर्षे चालला. अमेरिकी सैन्याच्या निरनिराळ्या दलांतल्या प्रशिक्षणार्थींवर हे पडताळून पाहिले गेले. तळव्याच्या ठेवणीप्रमाणे बूट दिल्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. म्हणजे यंत्राच्या अहवालापेक्षा पायाची साक्ष जास्त विश्वासाची: घातल्याबरोबर जो बूट विसरायला होतो तो चांगला. पाहायची आणखी एक गोष्ट म्हणजे ‘ड्रॉप’, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक. १० मिलिमीटर ड्रॉपची सवय असलेल्याने एकदम ४ मिलिमीटरचा बूट घेतला तर पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण येतो. बदल करायचाच तर छोट्या धावण्यांपासून, सरावाच्या सुरुवातीला.

कार्बनची पट्टी घातलेले जाड, उसळते बूट २०१७ पासून गाजू लागले. त्यांची उंची इतकी वाढत गेली की जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला २०२० साली रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळव्याच्या जाडीवर ४० मिलिमीटरची आणि पट्ट्यांच्या संख्येवर एकची मर्यादा घालावी लागली. हे बूट वेगवान धावपटूला मदत करतात यात शंका नाही. पण पाच तासांत शर्यत पुरी करणाऱ्याच्या वाट्याला त्या मदतीतले फार थोडे येते. शिवाय ते महाग असतात, लवकर झिजतात आणि वळणावर डगमगतात. त्याच पैशांत साध्या बुटांचे दोन जोड येतात, आणि सरावाला तेच उपयोगी पडतात. लक्झेंबर्गमधल्या २६४ धावपटूंच्या एका अभ्यासात आलटून-पालटून वेगवेगळे बूट वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. गेल्या वर्षीचे मॉडेल यंदा स्वस्त मिळते. फरक बहुधा रंगाचा असतो.

जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. खालचे रबर शाबूत दिसते म्हणून फसू नये, आतला फोम आधी बसतो. बूट टेबलावर ठेवून मागून पाहिले की कळते: टाच एका बाजूला कललेली, फोमवर आडव्या सुरकुत्या, अंगठ्याने दाबल्यावर दगडासारखा. शर्यतीसाठीचा जोड निदान तीन-चार आठवडे आधी पायात गेलेला असावा आणि त्यावर एक तरी लांब धाव झालेली असावी.

## पाऊस

जुलैतल्या सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला पोहोचेपर्यंतच बूट ओले झालेले असतात. ओला बूट दुसऱ्या दिवशी ओलाच राहतो, हीच इथली मोठी अडचण. दोन जोडांचा खरा फायदा पावसाळ्यात कळतो. घरी आल्यावर आतले सोल बाहेर काढायचे, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी ते काढून कोरडे भरायचे आणि बूट पंख्याखाली आडवे ठेवायचे. गॅसजवळ, हीटरसमोर किंवा वॉशिंग मशिनच्या ड्रायरमध्ये वाळवले तर सोल चिकटवलेला गोंद सुटतो.

रेनकोट धावायला निरुपयोगी आहे. बाहेरून पाऊस अडतो खरा, पण आतून घामाने तेवढेच भिजायला होते. त्यापेक्षा पुढे झाप असलेली टोपी कामाची. डोळ्यांवर आणि चष्म्यावर पाणी येत नाही. मोबाइलसाठी खास पाऊच मिळतात, पण धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी तेच काम करते. शेवाळलेला सिमेंटचा रस्ता, गटारांची झाकणे आणि रंगवलेले पट्टे यांवर भारी बुटाची पकडही सुटते. तिथे पावले आखूड टाकणे एवढेच हाती असते. टेकडीवर किंवा कच्च्या वाटेवर नेहमी जाणाऱ्याने मात्र खोल खाचांचे ट्रेल शूज घ्यावेत. ते डांबरावर पळवले तर त्या खाचा भराभर घासतात.

पहाटेच्या अंधारासाठी प्रकाश परावर्तित करणारे जाकीट किंवा पट्टे आणि लहान टॉर्च या वस्तू स्वस्त आहेत. त्या मात्र टाळू नयेत. समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावायचे आणि कानात इअरफोन घालायचेच असतील तर एकाच कानात. भटकी कुत्री मागे लागली की धावणे थांबवून चालू लागणे, हा बिनपैशाचा उपाय बाजारातल्या कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त चालतो.

## कपडे आणि सोलवटणे

सुती बनियन घाम पितो आणि धरून ठेवतो. दहा किलोमीटरांनंतर तो अंगाला चिकटून घासू लागतो. पॉलिएस्टरचा पातळ टी-शर्ट घाम बाहेर पसरवतो आणि वाऱ्याने वाळतो. मुंबईच्या दमटपणात तो वाळायला वेळ लागतो, तरी सुतीपेक्षा बरा. शर्यतींतून फुकट मिळणाऱ्या टी-शर्टांचे कापड बऱ्याचदा जाडसर असते. ते घरी घालायला ठीक.

लांब धावणाऱ्याला आतून पोखरते ते घासणे. मांड्यांच्या आत, काखेत, कमरपट्ट्याखाली कातडी सोलवटते आणि धावताना काही कळत नाही. अंघोळीचे पाणी अंगावर पडले की कळते. पुरुषांच्या स्तनाग्रांतून रक्त येऊन टी-शर्टावर दोन लाल रेघा उतरलेल्या दिसतात, तेही त्यातलेच. उपाय औषधाच्या दुकानात आहेत: व्हॅसलीन आणि कागदी टेप. टेप कोरड्या कातडीवर, घाम येण्यापूर्वी लावायचा. मांड्या घासणाऱ्यांनी सैल हाफ पँटच्या आत मांडीपर्यंतची घट्ट चड्डी घालावी. मोजे सुती नकोत. सिंथेटिक, बोटांशी जाड शिवण नसलेले घ्यावेत. ज्यांच्या बोटांमध्ये फोड येतात त्यांना पाच बोटांचे मोजे हातमोज्यांसारखे विचित्र वाटले तरी सोसतात.

स्त्रियांच्या सामानात बुटांच्या बरोबरीचे स्थान स्पोर्ट्स ब्राचे आहे आणि तिची कहाणी फार जुनी नाही. १९७७ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी पुरुषांचे दोन लंगोटवजा जॉकस्ट्रॅप जोडून तिचा पहिला नमुना शिवला. त्याआधी धावणाऱ्या बायका साध्या ब्रेसियरवर किंवा दोन ब्रेसियर एकावर एक घालून निभावत. आज निवड करताना छाप पाहायची गरज नाही. खालचा पट्टा छातीभोवती घट्ट बसायला हवा, कारण भार तो पेलतो, खांद्यावरचे पट्टे नव्हे. दुकानातच दहा-बारा उड्या मारून पाहायच्या आणि शिवणी कुठे टोचतात ते बोटाने तपासायचे. पट्ट्याचा ताण गेला की ती बदलायची, भले कापड नवे दिसत असो. पाळीच्या दिवसांत लांब धावताना पॅड घासतो. अनेक जणी मेन्स्ट्रुअल कपकडे वळतात ते यासाठी. मात्र कपची सवय दोन-तीन महिने आधी करावी लागते.

## पाणी, मीठ आणि वजनकाटा

किती पाणी बरोबर घ्यायचे याचे उत्तर घरच्या वजनकाट्यावर मिळते. तासभर धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करायचे. समजा आधी ६४.२ किलो होते, नंतर ६२.९ भरले आणि मधे ३०० मिलिलिटर पाणी प्यायले गेले. घाम गेला १.६ लिटर. हाच प्रयोग ऑक्टोबरात आणि डिसेंबरात वेगवेगळे आकडे देतो, आणि शेजारच्या धावपटूचा आकडा तर निराळाच असतो. ताशी अर्धा लिटर ते दोन लिटर असा मोठा पल्ला आहे. गेलेला सगळा घाम धावतानाच भरून काढायचा नसतो. तहान लागेल तसे, अंदाज धरून प्यायचे.

जास्त पाणी पिण्याचा धोका कमी लोकांना ठाऊक असतो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणाबाहेर खाली गेलेले आढळले. काहींचे तर फारच. शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यालेले लोक त्यांत ठळक होते. सावकाश धावणाऱ्याला पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी थांबायला वेळ असतो आणि तोच इथे अडकतो.

मिठाची सोय स्वस्तात होते. औषधाच्या दुकानातली जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती अर्ध्या लिटरात ओतली की चव खारट होते आणि पोट ढवळते. फळांच्या चवीचे तयार डबे मात्र वेगळी चीज आहे, त्यांत साखर भरपूर आणि मीठ बेताचे. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५च्या ऑक्टोबरात मनाई केली. तरी मागची बाजू वाचायची सवय असावी. घरी करायचे तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. त्यात लिंबू पिळले किंवा कोकमाचे आगळ घातले की पंचविसाव्या किलोमीटरलाही ते घशाखाली उतरते. गोड पेयांचा वीट येतो तेव्हा आंबट-खारट चवीची किंमत कळते.

पाणी वाहायच्या सोयी तीन. हातात धरायची बाटली दीड तासापर्यंत ठीक. कमरेचा पट्टा हलतो आणि पोटावर काचतो. घेण्यापूर्वी तो भरून पळून पाहावा. छातीवर दोन मऊ बाटल्या असलेले जाकीट घाटासाठी उत्तम, मुंबईच्या उकाड्यात पाठ भाजते. चौथी सोय बहुतेक गट वापरतात: पाच किलोमीटरांचा फेरा धरायचा आणि पाणी स्कूटरच्या डिकीत ठेवायचे.

## खिशातले इंधन

स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदके साठवतात. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो साठा आटतो आणि पाय शिशाचे होतात. धावणारे याला ‘भिंत’ म्हणतात. मुंबईच्या मार्गावर शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ नेमका तेव्हा समोर येतो. म्हणून सुरुवातीच्या तासापासून ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. बाजारातल्या एका जेलमध्ये २० ते २५ ग्रॅम असतात. म्हणजे पाच तासांना सात-आठ जेल, आणि सरावातले वेगळे. हा खर्च बुटांच्या खालोखाल जातो.

स्वयंपाकघरात पर्याय आहेत, पण सगळे सारखे नाहीत. मध्यम आकाराच्या केळ्यात जवळपास एका जेलएवढी कर्बोदके असतात. वेलची केळी मात्र दोन लागतात. बिया काढलेला खजूर आणि गुळाचा खडा लगेच कामाला लागतात, पण पाणी मागतात. शेंगदाण्याची चिक्की लोकप्रिय असली तरी तिच्यात तेल असते. ती पचायला वेळ घेते आणि कोरड्या तोंडात चावता येत नाही. राजगिऱ्याचा लाडू धावताना खाऊन पाहिलेला माणूस तो दुसऱ्यांदा नेत नाही, अर्धा घशात अडकतो आणि अर्धा वाऱ्यावर जातो. हे पदार्थ धावून झाल्यावरचे. जे शर्यतीत खायचे ते आधीच्या तीन-चार लांब धावांमध्ये, त्याच वेळी, तेवढेच खाऊन पाहायचे. पोटालाही सराव लागतो. दुखणे दाबायला धावताना वेदनाशामक गोळी घेणे मात्र सर्वस्वी टाळावे. शरीरातले पाणी कमी झालेले असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात.

## घड्याळ

उपग्रहाशी जोडलेले घड्याळ उपयोगी आहे, आवश्यक नाही. नवशिक्याला त्याचा मोठा उपयोग वेग कमी ठेवण्यासाठी होतो. उंच इमारतींमधून, पुलाखालून आणि बोगद्यातून जाताना ते चुकते. शर्यतीच्या शेवटी ते ४२.६ दाखवते आणि लोक मार्ग लांबवला म्हणून भांडतात. खरे असे की मार्ग मोजला जातो तो सगळ्यात आखूड रेषेवरून, वळणाला कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, मापन-यंत्र लावलेल्या सायकलने. शिवाय मार्ग आखूड भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. गर्दीतून वाट काढणारा धावपटू त्या रेषेवर राहतच नाही. मनगटावरचे हृदयाचे ठोकेही थंडीत किंवा पट्टा सैल असताना भलतेच दिसतात. ज्याला घड्याळ परवडत नाही त्याने धावताना पूर्ण वाक्य बोलून पाहावे. बोलता आले तर लांब धावेचा वेग बरोबर आहे.

## आदल्या रात्रीची पिशवी

धावून झाल्यावरच्या सामानात जाहिरातींचे पीक मोठे. फोमचा रूळ चांगला, पण पोटऱ्यांना घरातले लाटणे चालते आणि तळव्याखाली टेनिसचा चेंडू. टाच दुखत असेल तर फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली पायाखाली फिरवायची, तीही दहा मिनिटे.

शर्यतीच्या आदल्या रात्री सगळे एका चादरीवर मांडून ठेवण्याची पद्धत आहे. धावलेले बूट, धुतलेले मोजे, कागदी टेप, व्हॅसलीन, मोजून ठेवलेले जेल किंवा खजूर, ओआरएसची एक पुडी, टोपी. अंगावर लावायचा क्रमांक, म्हणजे बिब, त्याच रात्री टी-शर्टाला चार सेफ्टी पिनांनी लावून ठेवतात, कारण पहाटे चारला बोटे थरथरतात. बिबच्या मागे वेळ नोंदवणारी चिप असते. तिला घडी पडू देऊ नये आणि ती पट्ट्याखाली झाकू नये. सुरुवातीच्या गर्दीत तास-दीड तास उभे राहावे लागते, तेव्हा टाकून देता येईल असा जुना शर्ट वरून असतो. सामान जमा करायच्या पिशवीत कोरडे कपडे, थोडे पैसे आणि सैल चपला. शर्यत संपल्यावर सुजलेल्या पायांतून बूट काढले की ते पुन्हा चढत नाहीत, आणि स्टेशनपर्यंत चालायचे असते.